हिवाळी सत्राला जर्मनीत येणारे मराठी विद्यार्थी : स्वागत म्हणजे नेमकं काय काय करायचं?

नेकारकाठ (धागाकर्ता)

हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स साधारण महिन्याच्या मध्यावर. म्हणजे आता पुण्या-मुंबई-नाशिककडची पोरं फ्रँकफुर्ट, म्युनिकला उतरायला लागतील. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात इथल्या विद्यापीठांत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत जास्त. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याची महाराष्ट्राशी २०१५ पासून भागीदारी आहे आणि स्टुटगार्ट-मुंबई ही तर १९६८ पासून भगिनी शहरं, त्यामुळे या पट्ट्यात मराठी कानावर पडायला फार वेळ लागत नाही.

मंडळं स्वागत करतात, मनापासून करतात, पण ते बहुतेक वेळा विमानतळ, पोहे आणि ग्रुप फोटो यावर आटपतं. पोरं अडकतात त्यानंतरच्या सहा आठवड्यांत, कारण इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. खोली असेल तर पत्त्याची नोंदणी (आनमेल्डुंग), नोंदणी असेल तर पोस्टाने टॅक्स क्रमांक, बँक खातं असेल तर ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले, दरमहा थोडे थोडे मिळणारे) पैसे सुटणार, आणि हे सगळं जमलं की मग राहण्याच्या परवान्याचा अर्ज. एक कडी निसटली की पुढचं सगळं तुंबतं.

या धाग्यावर नेमकी माहिती हवी आहे. कधी, किती, कुठे अडतं, का अडतं. ‘आमच्या वेळी असं होतं’ छापाचे किस्से कृपया गप्पांच्या पानावर. मंडळाच्या स्वयंसेवकांसाठी यातून एक पान तयार करायचा विचार आहे.

कागदी घोडा

पत्त्यापासून सुरुवात करू, कारण निम्मी मदत इथेच लागते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदणी करायची. लागतं काय: पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेलं एक पानी प्रमाणपत्र, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. यावर घरमालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्याचं नाव असतं. पोरं भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवली जातात. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. फॉर्म बहुतेक शहरांच्या संकेतस्थळावर मिळतो. किल्ली घेतानाच मालकाची किंवा वसतिगृहाच्या केअरटेकरची सही घ्या, नंतर माणूस सापडत नाही.

कार्यालयाची वेळ आधी बुक करावी लागते आणि ऑक्टोबरमध्ये मोठ्या शहरांत ती पटकन मिळत नाही. खोली पक्की असेल तर भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवायची. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास रद्द झालेल्या वेळा दिसतात, तेव्हा पान पुन्हा पुन्हा उघडून बघायचं.

दुसरी गोष्ट, टपालपेटीवर नाव. टॅक्स क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं कागदी पत्राने येतं. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि टॅक्स क्रमांकाचं पत्र परत गेलं की पुन्हा मागवण्यात काही आठवडे जातात. वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये मूळ भाडेकरूच्या नावाखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर आपलं नाव लिहायचं. किल्ली मिळाल्यावरचं हे पहिलं काम, सामान उघडायच्या आधी.

आता नावाचं. आपल्याकडे पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. इथे ती दोन्ही पहिली नावं म्हणून धरली जातात. मुलगी विद्यापीठात वडिलांचं नाव गाळते, विम्यात घालते, बँकेत आद्याक्षर लिहिते. मग विमा कंपनीने विद्यापीठाला पाठवलेली माहिती जुळत नाही आणि प्रवेश लटकतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे. अर्जाच्या पहिल्या दिवसापासून.

सातारी तर्री

कागदी घोडा, उत्तम. एक विचारतो. खोली न मिळालेल्या मुलांना मंडळातल्या कोणी आपला पत्ता ‘नावापुरता’ द्यायचा का? दरवर्षी ही मागणी येते आणि दरवर्षी कोणीतरी दयाळू माणूस हो म्हणतो.

कागदी घोडा

अजिबात नाही. प्रत्यक्ष राहत नसताना पत्ता देणं हा इथल्या नोंदणी कायद्याखाली दंडनीय प्रकार आहे आणि पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पोरावर उपकार करायला जाऊन स्वतःचा परवाना धोक्यात घालू नका.

मुलगा खरोखर तुमच्याकडे काही आठवडे राहणार असेल तर प्रश्न वेगळा. एरवी परदेशात राहणारा आणि जर्मनीत नोंद नसलेला माणूस एखाद्या घरात तीन महिन्यांपेक्षा कमी काळ राहणार असेल तर त्या घरापुरती त्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात महिनाभर झोपून खोली शोधली तर त्यात बेकायदा काही नाही. फक्त तुम्ही स्वतः भाडेकरू असाल तर जास्त दिवसांच्या पाहुण्याची घरमालकाला कल्पना द्या. आणि मुलाला सांगा की पुढचे कागद खोली मिळेपर्यंत थांबणार.

नेकारकाठ

+१. हे पानावर सगळ्यात वर, लाल अक्षरात.

खोलीबद्दल थोडं. विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिरेंडेनवेर्क ही विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था चालवते, विद्यापीठ नव्हे. प्रवेशपत्रासोबत खोली येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो, तोही प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात. प्रतीक्षायादी एक सत्र किंवा त्याहून लांब असू शकते. तोवर कोणाची तरी खोली तात्पुरती भाड्याने घ्यायची तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारायचा: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?

फसवणुकीचा साचा ठरलेला असतो. म्युनिकच्या मध्यवस्तीत ३५० युरोत सगळ्या सामानासह घर, मालक ‘सध्या लंडनला’, किल्ली कुरिअरने येणार, आधी डिपॉझिट भरा. फोटो हॉटेलच्या खोलीसारखे. पासपोर्टची प्रतही मागतात आणि तीच पुढच्याला ‘माझं ओळखपत्र’ म्हणून दाखवतात. मंडळाने इथे सगळ्यात उपयोगी पडायचं: कोणीतरी स्थानिक माणूस अर्धा तास काढून घर प्रत्यक्ष बघून येतो. फुलांचा गुच्छ घेऊन विमानतळावर जाण्यापेक्षा हे काम दहापट मोलाचं, असं माझं स्पष्ट मत.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, हीटिंग वगैरे सोडून, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. खोली ताब्यात घेताना भिंती, खिडक्या, गादी, सिंक यांचे तारखेसह फोटो काढा.

पाटील_आखन

पैशाचं मी लिहितो.

ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. घरच्यांचा समज असा की पोराच्या हातात बारा हजार युरो आहेत. नाहीत. दर महिन्याला ९९२ च सुटतात, आणि तेही इथलं चालू खातं उघडून त्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) कळवल्यावर. पहिला हप्ता हातात यायला उतरल्यापासून दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी जास्त.

नेमका याच काळात सगळ्यात मोठा खर्च असतो. पहिलं भाडं, डिपॉझिट, विद्यापीठाची सत्रवर्गणी (बहुतेक ठिकाणी दीड ते साडेतीनशे युरो), गादी-चादर-भांडी. म्हणून फॉरेक्स कार्डावर २,००० ते २,५०० युरो वेगळे हवेत, आणि रोख दोन-तीनशे. रोख १०,००० युरो किंवा जास्त असेल तर कस्टमला लेखी सांगावं लागतं. एवढी आणूच नका.

बँक खातं: बऱ्याच ऑनलाइन बँका व्हिडिओ कॉलवर ओळख पटवतात, आणि काही बँकांच्या व्हिडिओ पद्धतीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग कूपन छापून पोस्टाच्या शाखेत पासपोर्ट दाखवायचा. हे आधीच माहीत असलं की मुलं तीनदा कॉल करून रडकुंडीला येत नाहीत.

महिन्याचा हिशोब बघा. ९९२ मधून आरोग्यविमा सुमारे १४८, वसतिगृहाचं भाडं ४०० धरू, रेडिओ-टीव्हीचा सक्तीचा कर १८.३६, प्रवासाचं विद्यार्थी तिकीट ३७.८०. उरले ३८८ च्या आसपास. त्यात जेवण, फोन, पुस्तकं, थंडीचं जाकीट. भागतं, पण म्युनिकसारख्या ठिकाणी भाडं ४०० ऐवजी ७०० असेल तर भागत नाही. घरच्यांना हे मुलगा निघायच्या आधी कागदावर दाखवा.

त्या रेडिओ करासाठी पत्र येतंच, नोंदणीनंतर आपोआप. कर माणशी नाही, घरटी आहे. चौघं एका फ्लॅटमध्ये असतील तर एकाने भरायचा आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र जाहिरात समजून फेकलं की मागची थकबाकी दंडासह येते. वसतिगृहात थेट जिन्यावर उघडणारी एकेकाची वेगळी खोली असेल तर ते स्वतंत्र घर धरलं जातं.

मिरजेच्या काकू

माहिती फार छान. माझा भाचा सप्टेंबरअखेर निघतोय, कार्ल्सरुहेला. सामानात २३ किलो चालतं म्हणे. साजूक तूप, पेढे, कढीपत्ता, खसखस, मेतकूट, कुकर अशी यादी त्याच्या आईने केली आहे. यातलं काय ठेवू नि काय काढू?

शेंगदाणा कूट

काकू, तूप आणि पेढे काढा. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाहारी पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. साजूक तूप दुधाचंच धरतात, ‘ते तर कढवलेलं’ हा युक्तिवाद कस्टमवाल्यापुढे चालत नाही. तसंही बटर इथे चांगलं मिळतं, तूप घरी कढवता येतं.

ताजा कढीपत्ता काढा. ताज्या वनस्पतींना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. वाळलेला मिळतो इथे दुकानात.

खसखस जर्मनीत चालते, इथले लोक ती केकमध्ये वाट्या वाट्या घालतात. पण विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर चुकूनही नको. तिथे खसखस अमली पदार्थांत मोजतात आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. मसाल्याच्या डब्यात, अनारशावर, कुठेही नाही. थेट विमान असलं तरी नकोच म्हणेन, कारण विमान बदललं तर काय?

मेतकूट, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, भाजणी, कोकम: हे भरा, हे इथे सहज मिळत नाही. तूरडाळ, बासमती, रवा, पोहे आशियाई दुकानात मिळतात, त्यांच्यावर किलो वाया घालवू नका. डाळी आणि इतर मसाले तुर्की दुकानात आणखी स्वस्त.

कुकर. आधी विचारा शेगडी कोणती. बऱ्याच वसतिगृहांत काचेची सपाट शेगडी असते, काही ठिकाणी इंडक्शन. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, बुडाला लोहचुंबक चिकटायला हवं. तीन लिटरचा स्टीलचा, इंडक्शन बुडाचा कुकर दोन्हीकडे चालतो. जादा रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह भारतातूनच, इथे त्या मापाचे मिळत नाहीत.

मिक्सर आणणार असाल तर वीज २३० व्होल्टच आहे, त्यामुळे जळत नाही. पण आपली गोल तीन पिनांची प्लग इथल्या सॉकेटात जात नाही. अर्थिंगवाला अडॅप्टर घ्या. नुसत्या दोन पिनांचा स्वस्तातला लावला की अर्थिंग तुटते. मोबाईल चार्जरची दोन पिनांची बहुधा तशीच बसते.

आणि फोडणी! धुराचे अलार्म प्रत्येक घरात सक्तीचे आहेत. काही वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेले असतात, आणि खोटा अलार्म वाजला की बंब आल्याचं बिल ज्याच्यामुळे वाजला त्याच्या नावावर येऊ शकतं. तेल धुरावेपर्यंत तापवायचं नाही, दार बंद आणि खिडकी पूर्ण उघडी ठेवायची. दार उघडून धूर जिन्यात सोडणं सगळ्यात वाईट, अलार्म तिथेही असतो. अलार्मला पिशवी बांधणं हा तर सरळ गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार.

मिरजेच्या काकू

खसखशीचं वाचून घामच फुटला. त्याचं विमान दुबईमार्गेच आहे. काढली. कुकर तपासते, लोहचुंबक फ्रिजवर आहेच.

औषधवाली

विम्याचं लिहिते, कारण यात एकदा चुकलं की पूर्ण शिक्षण संपेपर्यंत सुधारता येत नाही.

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतल्या विमा संस्थांमध्ये (क्रांकेनकासे) विद्यार्थी दराने प्रवेश मिळतो. हप्ता महिन्याला साधारण १४० ते १५५ युरो, वय २३ च्या वर आणि मूल नसेल तर किंचित जास्त. विमा संस्था विद्यापीठाला थेट इलेक्ट्रॉनिक सूचना पाठवते आणि ती पोचल्याशिवाय प्रवेश पूर्ण होत नाही. म्हणून विमा संस्था निवडून तिला विद्यापीठाचं नाव कळवणं हे भारतात बसून करायचं काम आहे.

सापळा असा. महिना तीस-चाळीस युरोंचे खासगी विमे जाहिरातीत दिसतात. ते घेण्यासाठी सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट एकदा मिळाली की त्या शिक्षणक्रमात परत फिरता येत नाही. शंभर युरो वाचवायला जाऊन मुलं अशा पॉलिसीत अडकतात जिच्यात जुने आजार, मानसोपचार, गरोदरपण यातलं बरंच काही वगळलेलं असतं. वय तीसच्या पुढे असेल तर मात्र विद्यार्थी दर मिळत नाही, खासगीच बघावा लागतो. तिथे अटी ओळ न् ओळ वाचून घ्या.

दुसरी फट: विद्यार्थी विमा सत्र सुरू होण्याच्या तारखेपासून लागू होतो, सहसा १ ऑक्टोबर. मुलगा १५ सप्टेंबरला उतरला तर मधले पंधरा दिवस प्रवासविमा हवाच. व्हिसासाठी घेतलेला प्रवासविमा त्या तारखांना पुरतो का ते बघा.

औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. इथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि साध्या सर्दीला डॉक्टर चहा प्यायला सांगतो, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे घरी फोन करून ‘इथले डॉक्टर काही देतच नाहीत’ अशी तक्रार होत नाही.

जीव धोक्यात असेल तर ११२. रात्री ताप चढला पण तातडीचं नाही, तर ११६११७. हे दोन आकडे मोबाईलमध्ये आणि कागदावरही.

शिवाय तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा, हाफ्टफ्लिश्ट. वर्षाला साधारण पन्नास युरो. सक्तीचा नाही, पण वसतिगृहाची किल्ली हरवली आणि ती सगळ्या इमारतीच्या कुलपांच्या साखळीतली असली तर बिल हजारांत जाऊ शकतं. पॉलिसीत ‘दुसऱ्याच्या किल्ल्या’ धरल्या आहेत ना, एवढं तपासा.

आडवाट

विमानतळावर घ्यायला जाणाऱ्यांसाठी. फ्रँकफुर्टवरून पुढच्या रेल्वेचं स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते तिकीट वाया. विमानाच्या उशिराची जबाबदारी रेल्वे घेत नाही. मधे तीन तास ठेवा किंवा कोणत्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घ्या.

विद्यापीठाचं प्रवास तिकीट प्रवेश पूर्ण झाल्यावर मिळतं. तोवर डॉइचलांडटिकेट: जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, देशभरच्या लोकल-प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस. आयसीईत (लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत) चालत नाही. आणि ते वर्गणीवर असतं, महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. विद्यार्थी तिकिटाचा दर त्याच्या साठ टक्के.

३ ऑक्टोबर सुट्टीचा दिवस, दुकानं बंद. रविवारीही बंद. शनिवारी रात्री उतरणाऱ्या मुलाच्या खोलीत कोणीतरी आधीच पाव, दूध, अंडी, पाणी, टॉयलेट पेपर ठेवून द्या. मुख्य रेल्वे स्थानकातली दुकानं उघडी असतात, पण पहिल्या दिवशी ती शोधायला लावू नका.

गवती चहा

अभ्यासाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून.

वेळापत्रकात १० वाजता ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. गुण उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. हे घरच्यांनाही सांगा.

खरा घोटाळा परीक्षा नोंदणीत. विषयाला नाव घालणं आणि त्या विषयाच्या परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी, वेगळ्या पोर्टलवर, वेगळ्या मुदतीत. बऱ्याच ठिकाणी परीक्षेची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरातच संपते. मुदत गेली की कोणी आठवण करत नाही, थेट पुढचं सत्र. आपल्याकडे कॉलेज स्वतःच फॉर्म भरून घेतं, त्यामुळे हे मुलांच्या डोक्यात बसत नाही. त्यात एका विषयाला सहसा तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की बहुतेक नियमांत तो शिक्षणक्रमच बंद होतो, आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. तब्येत बिघडली असेल तर परीक्षेच्या दिवशीच डॉक्टरचा दाखला घ्यावा लागतो, दोन दिवसांनी नाही.

मंडळांनी ऑक्टोबरपेक्षा नोव्हेंबरकडे जास्त लक्ष द्यावं असं माझं म्हणणं. ऑक्टोबरात सगळे उत्साहात असतात. घड्याळं मागे गेली की साडेचारला अंधार पडतो, दिवाळी होऊन गेलेली, कर्जाचा आकडा डोक्यात, जर्मन कळत नाही. या वेळी ग्रुपवर गप्प झालेली मुलं कोण, याची यादी ठेवा आणि फोन करा. ‘जेवायला ये’ एवढं पुरतं, सल्ला नको. श्टुडिरेंडेनवेर्कचं मानसिक समुपदेशन असतं, बहुतेक ठिकाणी मोफत आणि इंग्रजीतही. वेळ मिळायला काही आठवडे लागतात म्हणून लवकर नाव घालायला सांगा. आणीबाणीत ११२.

सातारी तर्री

गवती चहाताई, नोव्हेंबरचं शंभर टक्के पटलं.

नोकरीचं थोडक्यात. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम यात मोजत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर गेलं की विद्यार्थी विम्याचा दर्जा जाऊ शकतो, हा वेगळा नियम. किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो, यापेक्षा कमी देणारा आपला देशी रेस्टॉरंटवाला असला तरी नाही म्हणायचं. टॅक्स क्रमांक मालकाला दिला नाही तर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापतात. पुढच्या वर्षी परतावा मिळतो, पण तोवर हात रिकामा.

विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. घरी बसून पुण्याच्या कंपनीचं फ्रीलान्स काम, हेही त्यातच येतं. परवानगी मागता येते, मागितल्याशिवाय सुरू करू नका.

ओंजळभर

डिसेंबरात लग्नाला भारतात जाणाऱ्यांचा प्रश्न दरवर्षी येतो. व्हिसाची मुदत संपत आलेली, परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या कार्यालयात अपॉइंटमेंट फेब्रुवारीची. जाता येतं का?

कागदी घोडा

व्हिसा संपायच्या आधी अर्ज केलेला असणं हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसती अपॉइंटमेंट बुक करणं म्हणजे अर्ज नव्हे. शहराच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा लेखी अर्ज करून पोच जपून ठेवा. मग फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता दाखला मागता येतो. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ समोर खूण असेल तर पासपोर्टसह परत येता येतं. परिच्छेद ३ समोर असेल तर परत प्रवेश मिळत नाही. खूण बघितल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, आणि शक्यतो थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या. मधल्या एखाद्या देशातल्या अधिकाऱ्याला हा हिरवट कागद समजावत बसायची वेळ नको.

परवान्याच्या कार्डाला सहसा १०० युरो लागतात.

सहामाही

सगळी चर्चा पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांची झाली. एका सत्रापुरते एक्सचेंजवर येणारेही बरेच असतात, आणि त्यांचं काही ठिकाणी वेगळं असतं.

विद्यापीठांमधल्या कराराखाली आलेल्यांना शिक्षणशुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, त्यातूनही हे वगळलेले. सत्रवर्गणी मात्र भरायचीच. ब्लॉक्ड अकाउंट राहण्याच्या महिन्यांपुरतं, सहा महिन्यांना ५,९५२ युरो. खोलीसाठी बहुधा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे राखीव कोटा असतो, पण अर्जाची मुदत जून-जुलैतच संपते.

लर्निंग अॅग्रीमेंटमध्ये (दोन्ही विद्यापीठांमधल्या अभ्यासाच्या करारपत्रात) विषय आणि क्रेडिट (सत्राला साधारण ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय श्रेयांक) दोन्ही बाजूंनी सही झालेले हवेत. इथे आल्यावर विषय बदलला तर आठवड्याभरात भारतातल्या विभागप्रमुखाची नवी सही घ्या. नाहीतर घरी गेल्यावर ते गुण धरत नाहीत आणि वर्ष वाया जातं. इथली परीक्षा कधी कधी मार्चअखेर असते आणि भारतातलं सत्र जानेवारीत सुरू झालेलं असतं. प्राध्यापकाला पहिल्याच आठवड्यात विचारून तोंडी किंवा आधीची परीक्षा मिळते का बघा, फेब्रुवारीत विचारून उपयोग नाही.

फोनचा चोवीस महिन्यांचा करार एक्सचेंजवाल्याने कधीच घेऊ नये. प्रीपेड.

नेकारकाठ

सहामाही, परत जातानाचं पण लिहाल का? तिथे फार गोंधळ होतो.

सहामाही

लिहितो. वसतिगृहाला नोटीस करारात असेल त्या मुदतीत, बहुधा दोन-तीन महिने आधी, लेखी. नगरपालिकेत पत्ता रद्द करणं (आबमेल्डुंग) निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं, बऱ्याच ठिकाणी पोस्टाने किंवा ऑनलाइनही. त्याचा दाखला मिळाला की त्याची प्रत विमा संस्थेला आणि रेडिओ कराच्या कार्यालयाला पाठवायची. ही दोन्ही खाती आपोआप बंद होत नाहीत, आणि विमा संस्था नाव काढेपर्यंत हप्ते मागत राहते.

विद्यापीठातून नाव कमी करून घ्यायचं पत्र घ्या. डॉइचलांडटिकेट १० तारखेच्या आत रद्द. बँक खातं मात्र सगळ्यात शेवटी बंद करायचं, कारण डिपॉझिट परत यायला काही महिने लागू शकतात आणि ते भारतातल्या खात्यावर पाठवायला बरेच घरमालक तयार होत नाहीत. गुणपत्रक पोस्टाने येणार असेल तर विभागाच्या कार्यालयाला भारतातला पत्ता पिनकोड आणि मोबाईल नंबरासह देऊन ठेवा.

मिरजेच्या काकू

भाच्याला हा धागा पाठवला. तो विचारतोय, टपालपेटीवर लावायची चिकटपट्टी इथूनच आणू का?

शेंगदाणा कूट

काकू, आणा. मार्करपण. दोन्ही मिळून पन्नास ग्रॅम, आणि रविवारी उतरला तर दुकान बंद असेल.